लोगोचे पैसे तुम्ही दिले, पण मालक कोण? कॉपीराईट-ट्रेडमार्कचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

"पैसे तर मीच मोजेल आहेत ना भो, मग लोगो माझाच." जळगाव-धुळ्याकडे केळी चिप्सवाले, मसालेवाले, सराफ, कोचिंग क्लासवाले, ज्याला विचारा तो हेच सांगतो, आणि अर्ज अडकतो तो नेमका इथंच.

कॉपीराईट म्हणजे काढलेल्या चित्रावरचा हक्क, ट्रेडमार्क म्हणजे धंद्याची ओळख म्हणून नोंदवलेलं नाव किंवा चिन्ह. कायदा काय म्हणतो ते आधी. कॉपीराईट कायदा 1957, कलम 17. चित्र ज्यानं काढलं तो पहिला मालक. तुमच्या पगारावरच्या माणसानं नोकरीचं काम म्हणून काढलं असेल तर मालक तुम्ही. पण कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून, पेंटरकडून किंवा इन्स्टावर सापडलेल्या पोराकडून करून घेतलं असेल तर लोगोचा हक्क त्याच्याकडेच राहतो, त्यानं लेखी लिहून देईपर्यंत. "आयडिया माझी होती, मीच सांगेल होतं की मिरचीला फेटा घाल" हे इथं चालत नाही, कारण कॉपीराईट कल्पनेला मिळत नाही, काढलेल्या चित्राला मिळतो.

सगळ्या जगात दिसणाऱ्या पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचंच बघा ना. 1963 मध्ये अमेरिकेत वुस्टरच्या हार्वे बॉलनं एका विमा कंपनीसाठी तो काढला, 45 डॉलर मिळाले, ना त्यानं नोंदणी केली ना कंपनीनं. पुढं 1971 मध्ये फ्रान्समध्ये फ्रँकलिन लुफ्रानीनं तसाच चेहरा ट्रेडमार्क म्हणून नोंदवला, त्याच्या कंपनीनं देशोदेशी लायसन्स विकले आणि अमेरिकेत वॉलमार्ट या दुकानसाखळीशी कित्येक वर्षं भांडण चाललं, शेवटी तडजोड झाली. म्हणजे काढला एकानं, कमावलं दुसऱ्यानं, आणि कोर्टात तिसराही होता.

आता आपल्या अर्जाकडं. कॉपीराईटचा फॉर्म 14 ऑनलाईन भरायचा, साधी फी 500 रुपये, पण चित्र मालावर किंवा धंद्यात वापरायचं असेल तर 2,000. पाकिटावरचा लोगो म्हणजे 2,000 च, तिथं 500 भरून हुशारी करू नका, कॉपीराईट ऑफिसचं पत्र येतंच. ओळखपत्र, पत्ता, चित्राच्या प्रती, हे सगळ्यांकडे असतं.

नसते ती एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. अर्जदार वेगळा आणि चित्रकार वेगळा असेल तर चित्रकाराची सही असलेली एनओसी लागते, आणि मालकी तुमच्याकडे आली हे दाखवायला हस्तांतरणाचा लेखी करार. लोक काय जोडतात? "लोगो डिझाईन 1,500" असं लिहिलेलं बिल. त्या बिलानं पैसे दिले एवढंच कळतं, हक्क दिला असं कुठंही लिहिलेलं नसतं. करार केला तरी त्यात मुदत लिहा, प्रदेश लिहा. मुदत नाही लिहिली तर कायद्यानं फक्त 5 वर्षं धरतात, प्रदेश नाही लिहिला तर फक्त भारत. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही जातो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. हे कलम 19 कुणी वाचतच नाही, नेटवरून उतरवलेल्या एका पानाच्या नमुन्यावर सही घेतात आणि सहाव्या वर्षी डिझायनर दारात उभा.

पेंटर वारला असेल तर वारसांकडं जावं लागतं. नंदुरबारकडच्या एका मिरचीवाल्याकडे जुन्या पत्र्याच्या बोर्डाचा फोटो होता, खालच्या कोपऱ्यात पेंटरची बारीक सही, आडनाव आणि साल. त्या फोटोवरून मुलाचा पत्ता लागला, मुलानं एनओसी दिली. म्हणून जुने बोर्ड, कॅलेंडर, पाकिटं, डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधली (कोरलची) मूळ फाईल, व्हॉट्सॲपवरचे पहिले ड्राफ्ट, यातलं काहीच फेकू नका.

दुसरी अडचण कॉपीराईट कायद्याच्या कलम 45 ची. मालावर वापरायच्या चित्रासाठी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं सर्टिफिकेट लागतं, की असाच मार्क दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही आणि कुणी अर्जही केलेला नाही. त्यासाठी टीएम-सी फॉर्म, त्याची फी मूळ अर्जापेक्षा कितीतरी जास्त. गंमत अशी की हा "दुसरा कुणी" बऱ्याचदा घरातलाच निघतो. ट्रेडमार्क वडलांच्या नावावर, कॉपीराईटचा अर्ज मुलाच्या नावावर, सर्टिफिकेट कसं मिळेल? दोन्ही एकाच नावावर ठेवा. भाऊ-भाऊ वेगळे झाले असतील तर आधी आपसात लिहून घ्या, नंतर अर्ज.

कॉपीराईटचा अर्ज नंबर आल्यावर 30 दिवस थांबायचं असतं, कुणी आक्षेप घेतो का ते बघायला. लोक समजतात 30 दिवसांत सर्टिफिकेट. तसं नाही हो, त्यानंतर तपासणी सुरू होते. शिवाय हक्कावर वाद असलेल्या माणसाला नोटीस तुम्हीच पाठवायची असते, डिझायनरशी भांडण असताना ती लपवून अर्ज केला तर पुढं तेच अंगाशी येतं.

ट्रेडमार्कला टीएम-ए फॉर्म, फी ऑनलाईन 4,500 रुपये एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा छोट्या उद्योगाला, बाकीच्यांना 9,000. भागीदारी फर्म असेल तर उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) आधी काढा. "1995 पासून वापरतो" असं लिहिलं की शपथपत्र आणि त्या काळचे कागद लागतात, जीएसटी 2017 चा, त्याची बिलं 1995 साठी काय कामाची? कागद नसतील तर जेवढं सिद्ध होतं तेवढीच तारीख लिहा. आणि लोगोत शिवाजी महाराजांचं चित्र किंवा नाव घालू नका, चिन्हं-नावांचा गैरवापर रोखणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या यादीत ते आहे, कितीही श्रद्धेनं घातलं तरी अडतं.

ट्रेडमार्क ऑफिसकडून आक्षेपाचं पत्र आलं की एक महिन्यात उत्तर. पत्र येतं ईमेलवर, आणि ईमेल असतो सायबर कॅफेवाल्याचा! अर्जात स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाईल टाका, यात लाजायचं काय आहे? एवढ्या एका गोष्टीनं चांगले चांगले अर्ज मेलेत.

दुसऱ्यानं तुमचा लोगो लावला आणि त्याचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये (सरकारी प्रकाशनात) छापून आला तर विरोध करायला 4 महिने, छापल्या तारखेपासून, तुम्हाला कळल्या तारखेपासून नाही, आणि वाढवून मिळत नाहीत. तुमच्याच अर्जाला विरोध आला तर उत्तर 2 महिन्यांत, नाहीतर अर्ज सोडला असं धरतात. कॉपीराईट दुसऱ्याच्या नावावर आधीच चढला असेल तर नोंद रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं, कारण असे वाद ऐकणारं जुनं अपील मंडळ 2021 मध्ये बंद झालं. कॉपीराईटच्या दाव्यासाठी मात्र मुंबईला पळायची गरज नाही, तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्हा कोर्टात तो करता येतो, म्हणजे जळगाववाल्यानं जळगावातच.