कळपांमागची बुळकांडी

जुलै जवळ आला की पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातींत पूर्व आफ्रिकेतली मारा नदी वाहू लागते. काठावर धुरळा, पाण्यात मगरी, आणि मधून उड्या घेत जाणारे हजारो वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखे दिसणारे आफ्रिकी कुरंग. खाली ठरलेली ओळ असते: ‘युगानुयुगं चालत आलेला निसर्गाचा सोहळा’. कळपांची वाट जुनी आहे, यात वाद नाही. पण जाहिरातीत दिसणारी गर्दी साठेक वर्षांपूर्वी जेमतेम आकाराला येत होती. त्याआधीच्या सत्तर वर्षांत ती का नव्हती, याचं उत्तर सिंहांत किंवा मगरींत सापडत नाही. ते गुरांच्या गोठ्यात, बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या रोगात आहे.

आधी वाट समजून घेऊ. टांझानियाच्या दक्षिण सेरेंगेटीत, न्दुटूच्या आसपास, आखूड गवताची विस्तीर्ण मैदानं आहेत. ‘सेरेंगेटी’ हे नाव इथल्या मासाई या गुराखी जमातीच्या ज्या शब्दावरून आलं, त्याचा अर्थच संपता न संपणारी मोकळी जमीन. शेजारच्या ज्वालामुखींची राख इथे थरांवर थर साचली आहे. खाली घट्ट कवच तयार झाल्यामुळे झाडांची मुळं रुजत नाहीत, मात्र गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर उतरतं. दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत सगळा कळप इथे येऊन वितो, आणि बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. एवढी पिल्लं एकदम आली की तरसांनी आणि सिंहांनी कितीही खाल्ली तरी संपत नाहीत. मे महिन्यात मैदानावरचं पाणी आटतं. कळप आधी पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे, मग उत्तरेला वळतात आणि जुलै-ऑगस्टपर्यंत मारा नदी गाठतात, कारण तिला बारमाही पाणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेत पाऊस पडला की परत फिरतात. म्हणजे केनियाच्या वाट्याला हे प्राणी वर्षातले तीन-चार महिनेच येतात. तरी आपल्याकडे ‘मायग्रेशन’ म्हटलं की लोकांना केनियातलं मसाई माराच आठवतं. शाळेच्या सुट्ट्या आणि विमानाची सोय यांचाही त्यात हात असावा.

आता १८८७ साल. इटलीचं सैन्य लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात (आजच्या एरिट्रियात) उतरलं होतं. त्याच्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी आफ्रिकेत उतरली आणि ती गुरं भारतातून आलेली होती, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आपल्या शेतकऱ्यांना बुळकांडी वेगळी सांगायला नको. ताप, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण आणि आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. आपल्या गुरांत शतकानुशतकं घर करून राहिलेला हा रोग आफ्रिकेतल्या जनावरांना अगदीच नवा होता. १८९०-९१ मध्ये तो मासाईंच्या मुलखात पोचला, १८९६ मध्ये झांबेझी नदी ओलांडून गेला आणि पुढच्याच वर्षी खंडाच्या दक्षिण टोकाला भिडला. वाटेतली बहुतांश गुरं मेली. विषाणू दुभंगलेल्या खुरांच्या सगळ्यांनाच धरतो, त्यामुळे रानम्हशी आणि वाइल्डबीस्टही गेले. झेब्रा मात्र घोड्याच्या कुळातला, तो वाचला.

मासाई माणूस गुरांवर जगतो: दूध, रक्त, लग्नातलं देणं, मान, सगळं गुरांतच. गुरं गेली, पाठोपाठ देवीची साथ आणि दुष्काळ आला. त्या काळाला ते ‘एमुताई’ म्हणतात, म्हणजे सर्वनाश. १८९२ मध्ये ऑस्कर बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी तिथून गेला. त्याच्या अंदाजाप्रमाणे दोन-तृतीयांश मासाई मेले होते. चरायला जनावरं उरली नाहीत आणि जाळायला-तोडायला माणसं नाहीत, म्हणून कुरणांवर झुडपं माजली. झुडपांत त्सेत्से माशी आली आणि माशीबरोबर निद्रारोग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोरे शिकारी सेरेंगेटीत आले, तेव्हा त्यांना ‘माणसाचा स्पर्श न झालेलं’ रान दिसलं. साथीनं रिकामा केलेला मुलूख त्यांनी मूळचाच निर्मनुष्य समजून घेतला, आणि पुढची सगळी धोरणं त्या गैरसमजावर उभी राहिली.

थोडं घराजवळ येऊ. भारतातल्या जनावरांच्या साथींचा अभ्यास करायला सरकारनं १८८९ मध्ये पुण्यात एक जीवाणू प्रयोगशाळा काढली, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. भर वस्तीत असले रोग हाताळणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८९६ च्या अखेरीस बुळकांडीवर उपाय शोधायला दक्षिण आफ्रिकेत गेले होते. ते काम अर्धवट सोडून १८९७ मध्ये ते थेट मुंबईत आले, इथे प्लेग पेटला होता म्हणून. पुढे १९२० च्या दशकात मुक्तेश्वरात विषाणू शेळ्यांमधून पुन्हापुन्हा वाढवून सौम्य केला गेला आणि त्याची लस झाली. त्याच धर्तीची लस नैरोबीजवळच्या काबेटेतही बनू लागली. नंतर केनियातच, मुगुगा इथे, वॉल्टर प्लोराइट यांनी पेशीसंवर्धनातून (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये विषाणू वाढवून) अधिक सुरक्षित आणि स्वस्त लस तयार केली.

सेरेंगेटीत तोवर काय चाललं होतं? १९२१ मध्ये एक छोटं शिकारबंदी क्षेत्र झालं, १९२९ मध्ये ते वाढलं आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. मग उद्यानाची हद्द बदलण्याचा वाद निघाला. फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल १९५८ मध्ये झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं विमान घेऊन आले आणि आकाशातून प्राणी मोजू लागले. वाइल्डबीस्टचा आकडा निघाला लाखाच्या जरा आत. शिवाय कळप प्रस्तावित हद्दीबाहेर बरंच हिंडतात, हेही दिसलं. जानेवारी १९५९ मध्ये विमानाला गिधाड धडकलं आणि मिखाएल त्यात गेला. त्याच वर्षी उद्यानातून मासाईंना कायमचं बाहेर काढण्यात आलं. त्यांच्यासाठी न्गोरोंगोरोचा भाग वेगळा काढला गेला, राहायला आणि गुरं चारायला. त्या तडजोडीचं भांडण आजही मिटलेलं नाही. २०२२ पासून तिथल्या कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेराला हलवणं सुरू आहे.

आणि आता गंमत. गुराख्यांची तक्रार होती की रानातले प्राणी आपल्या गुरांना बुळकांडी देतात. सरकारी पशुवैद्यांनाही तसंच वाटे. १९५० च्या दशकात उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचायला सुरुवात झाली ती गुरांसाठीच. रानातल्या एकाही वाइल्डबीस्टला सुई लागली नाही. तरीही १९६३ च्या सुमारास त्यांच्यातला रोग नाहीसा झाला. त्यानंतर जन्मलेल्या प्राण्यांच्या रक्तात बुळकांडीची खूणच सापडेना. म्हणजे रोगाचं घर गोठ्यात होतं, रानात तो पाहुणा म्हणून जायचा. तोवर दरवर्षी आईच्या दुधातली प्रतिकारशक्ती ओसरली की वासरं पटापट मरत. आता ती जगू लागली. १९६१ च्या मोजणीत वाइल्डबीस्ट भरले अडीच लाखांच्या आसपास (ग्झिमेकांचा आकडा बहुधा कमीच निघाला होता). १९७७ पर्यंत ते तेरा लाखांच्या वर गेले. मधल्या काळात कोरड्या हंगामातही चांगला पाऊस झाला, त्याचाही हातभार लागला. मासाईंना उद्यानाबाहेर काढलं, आणि उद्यानातले कळप फुगले ते उद्यानाबाहेरच्या गुरांना टोचलेल्या लशीमुळे. हे कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं मला तरी आठवत नाही.

लाखो तोंडं गवत खाऊ लागली, तसे वणवे कमी झाले, कारण पेटायला वाळलेलं गवतच उरेना. वणवे कमी झाले तशी रोपं जगली, झाडोरा वाढला. एका विषाणूची इतक्या दूरवर पोचलेली सावली दुसरीकडे क्वचितच इतकी स्पष्ट दाखवता येईल. बुळकांडीची शेवटची नोंद २००१ मध्ये केनियातल्या रानम्हशींत झाली. २०११ मध्ये तो रोग जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर हा मान मिळालेला हा दुसराच रोग.

रोग गेला तरी वाट मोकळी राहिली म्हणूनच हे कळप वाढू शकले. शेजारी केनियातल्या लोइटा मैदानावर वाइल्डबीस्टची अशीच एक छोटी फेरी होती. तिथे ट्रॅक्टरवरची गव्हाची शेती आली, मग कुंपणं आली, आणि १९७० च्या दशकानंतर त्यातले तीन-चतुर्थांशांहून जास्त प्राणी गेले. सेरेंगेटीच्या उत्तर भागातून डांबरी महामार्ग नेण्याचा बेत टांझानियानं २०१० मध्ये जाहीर केला होता. २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयानं त्या डांबरीकरणाला मनाई केली.

नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट बुडतात. मगरी त्यातला अगदी थोडा भाग खातात. उरलेलं गिधाडं, मासे आणि नदीच खाते, आणि हाडं पुढे कित्येक वर्षं पाण्यात फॉस्फरस सोडत राहतात. गाइड वाइल्डबीस्टना स्वाहिलीत ‘न्युंबू’ म्हणतात, झेब्र्याला ‘पुंडा मिलिया’, म्हणजे पट्ट्यांचं गाढव. त्यांचा ‘सफारी’ आणि आपला ‘सफर’ एकाच अरबी शब्दाची लेकरं.

तेरा लाख हा आकडा विमानातून ठरावीक पट्ट्यांत फोटो काढून, त्यावरून हिशेब मांडून आलेला. अलीकडे उपग्रहाची छायाचित्रं संगणकाला देऊन २०२२ आणि २०२३ या वर्षांची मोजदाद झाली, तेव्हा दोन्ही वेळा सहा लाखही भरले नाहीत. झाडाखाली उभे असलेले किंवा छायाचित्राच्या कडेबाहेर राहिलेले किती सुटले, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. सहलींच्या माहितीपत्रकांत तेरा लाखच आहेत, कधी पंधरा.