येस सर, आय कॅन बूगी

‘येस सर, आय कॅन बूगी’ हे बाकारा या दोन स्पॅनिश गायिकांच्या जोडीचे १९७७ सालचे डिस्को गाणे. संगीत व निर्मिती रॉल्फ सोया या जर्मन संगीतकाराची, शब्द फ्रांक दोस्ताल यांचे, भाषा इंग्रजी. त्या वर्षी ब्रिटन, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड अशा अनेक देशांत या तबकडीने पहिला क्रमांक गाठला. चार वर्षांत जोडी फुटली आणि गाणे लग्नाच्या पार्ट्या व जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांपुरते उरले. २०२०च्या नोव्हेंबरात ते पुन्हा वर आले, आणि आले तेही स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाच्या कपडे बदलायच्या खोलीतून.

मायते मातेओस आणि मारिया मेंदिओला या दोघी मुळात गायिका नव्हत्या. स्पॅनिश दूरचित्रवाणीच्या नृत्यपथकात नाचणाऱ्या होत्या. तिथून बाहेर पडून त्यांनी स्वतःचा कार्यक्रम बसवला आणि कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेंतुरा येथल्या एका हॉटेलात जर्मन पर्यटकांपुढे त्या फ्लामेंको नाचू लागल्या, सोबत ओळखीची गाणी म्हणू लागल्या. तिथे आरसीए या तबकडी कंपनीच्या जर्मन शाखेतल्या लिऑन डीन यांनी त्यांना पाहिले आणि हँबर्गला बोलावून घेतले. सोया यांनी त्यांना बाकारा हे नाव दिले. ते गडद लाल गुलाबाच्या एका जातीचे नाव आहे. एकीचा वेश काळा, दुसरीचा पांढरा, ही त्यांची कायमची ओळख ठरली.

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत अशी डिस्को गाणी घडवण्याची एक रीतच पडली होती. निर्माता जर्मन, शब्द सोप्या इंग्रजीत, मागे व्हायोलिनांचा ताफा, आणि पुढे उभ्या राहणाऱ्या कलाकार बहुधा परदेशी. भारतात कॅसेटच्या जमान्यात घरोघरी पोचलेले बोनी एम हे याच कारखान्यातले सर्वांत यशस्वी नाव. अशा गाण्यांत कलाकाराचे परके उच्चार खपवून घेतले जात. बाकाराच्या बाबतीत मात्र त्या उच्चारांवरच गाणे उभे आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा गायिकांनी हेच शब्द म्हटले असते तर त्यातला निम्मा मिश्कीलपणा गेला असता.

सुरुवातीला उसासे आणि कुजबुज, मग तंतुवाद्ये, मग ठेका. गाण्यातला पुरुष विचारतो आणि बाई उत्तर देते: हो साहेब, मला नाचता येते, रात्रभर नाचेन, पण त्यासाठी एक ठरावीक गाणे लागते. ते गाणे कोणते, हे ती शेवटपर्यंत सांगत नाही. दुसऱ्या कडव्यात तर ती त्याला सुनावते की, हे तुला पहिल्या कडव्यात आणि ध्रुवपदात सांगून झाले आहे. गाण्यानेच स्वतःच्या ध्रुवपदाचा दाखला द्यावा, ही गंमत डिस्कोच्या एरवी भाबड्या शब्दांत क्वचित सापडते. या गाण्याला नुसते फुटकळ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी दोस्ताल यांची ही ओळ नीट ऐकलेली नसावी.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९७७च्या अखेरीस ही तबकडी एकच आठवडा अग्रस्थानी होती. पुढच्या आठवड्यात ॲबा या स्वीडिश गटाने तिला खाली उतरवले. तेवढ्या एका आठवड्यामुळे बाकारा ही ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवणारी पहिली स्पॅनिश जोडी ठरली. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती. त्यानंतरचे ‘सॉरी, आय ॲम अ लेडी’ हे गाणेही चालले. १९७८ साली पॅरिसमध्ये झालेल्या युरोव्हिजन या देशादेशांतल्या गाण्यांच्या स्पर्धेत दोघी उतरल्या त्या लक्झेंबर्गच्या वतीने, फ्रेंच गाणे घेऊन. स्पॅनिश बायका, जर्मन निर्माता, लक्झेंबर्गचा झेंडा, क्रमांक सातवा.

भांडण लागले ते आवाजावरून. मुख्य आवाज बहुतेक गाण्यांत मातेओसचा असे. १९८०च्या ‘स्लीपी टाइम टॉय’मध्ये आपला आवाज पुरेसा ऐकू येत नाही, अशी मेंदिओलाची तक्रार होती, प्रकरण कायद्यापर्यंत गेले आणि तबकडी मागे घेऊन नव्याने मिश्रण करावे लागले. १९८१ साली दोघी वेगळ्या झाल्या. पुढे प्रत्येकीने नवी साथीदार घेऊन आपापली जोडी काढली, त्यामुळे एकाच काळात दोन बाकारा युरोपभर जुनी गाणी गात हिंडत होत्या. गोल्डफ्रॅप या ब्रिटिश जोडीने २००३ साली हे गाणे आपल्या ढंगात गायले, पण ते दर्दी श्रोत्यांपुरतेच राहिले.

खरे पुनरागमन झाले ते एका थट्टेमुळे. ॲबर्डीन क्लबचा बचावपटू अँड्र्यू कॉन्सिडाइन याच्या लग्नाआधीच्या मित्रांच्या पार्टीत २०१५ साली एक चित्रफीत केली गेली. तीत तो बायकी वेशात या गाण्यावर नाचतो. ती फिरत राहिली. पाच वर्षांनी, वयाच्या ३३व्या वर्षी, त्याची राष्ट्रीय संघात पहिल्यांदा निवड झाली आणि सोबत्यांनी गाणेही संघात आणले. १२ नोव्हेंबर २०२० रोजी बेलग्रेडमध्ये स्कॉटलंडने सर्बियाला पेनल्टींवर ५–४ असे हरवले. शेवटची किक गोलरक्षक डेव्हिड मार्शलने अडवली. १९९८च्या विश्वचषकानंतर पुरुष संघ प्रथमच मोठ्या स्पर्धेत पोचला होता. करोनामुळे मैदान रिकामे होते, प्रेक्षक घरी बसून होते. त्यांना विजयाचा जल्लोष दिसला तो खेळाडू या गाण्यावर नाचतानाच्या फोनवरच्या चित्रफितीतून. काही दिवसांत ४३ वर्षांपूर्वीची तबकडी ब्रिटिश यादीत ५७व्या क्रमांकावर परतली. ज्या आवाजांच्या मापावरून जोडी मोडली ते आवाज त्या खोलीत खेळाडूंच्या ओरडण्यात जवळजवळ बुडालेलेच होते. नाच तेवढा दिसत होता.

२०२१च्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष ती स्पर्धा, म्हणजे युरो ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा, झाली तेव्हा हे स्कॉटिश समर्थकांचे जणू दुसरे राष्ट्रगीत झाले होते. मेंदिओलाने क्रिस्तिना सेव्हिला या साथीदारासह त्याची नवी आवृत्तीही गायली. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला गोलशून्य बरोबरीत रोखण्यापलीकडे संघाला फारसे काही जमले नाही. दोन सामने हरून तो गटातच बाद झाला. कॉन्सिडाइनला तर त्या स्पर्धेच्या संघात जागाही मिळाली नव्हती. मेंदिओलाचे ११ सप्टेंबर २०२१ रोजी माद्रिदमध्ये निधन झाले. गाणे स्कॉटलंडच्या सामन्यांना अजून वाजते.