गंगाजल आणि जंतू मारणारे विषाणू

‘गंगेत जंतुभक्षक विषाणू आहेत, म्हणून ते पाणी कधीच बाधत नाही’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यातलं अर्धंच खरं. १८९६ साली हँकिन या शास्त्रज्ञाला दिसलं, की न उकळलेल्या गंगाजलात सोडलेले पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू काही तासांत मरतात. आधी उकळून घेतलेल्या पाण्यात सोडलेले मात्र जगतात. हे फेज नावाच्या विषाणूंचं काम असावं, असं पुढे मानलं गेलं. पण पटकीच्या जंतूला मारणारा फेज ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जंतूला हातही लावत नाही. शिवाय फेज वाढतात ते जंतूंच्याच पोटात. म्हणून तर पाण्यात ई. कोलायचे फेज सापडले, की ती सांडपाण्याची खूण धरतात! औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर निवडक फेज सोडण्याचे प्रयोग चालू आहेत, पण जंतू त्यांनाही चकवायला शिकतात. देव्हाऱ्यातल्या गडूतलं गंगाजल आजारी माणसाला पाजण्याआधी कृपया उकळून घ्या.