ब्रँच पुसणं स्वस्त कसं झालं

कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटसारख्या प्रणालीत नको असलेली ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, उडवणं आज अगदी किरकोळ काम वाटतं. पूर्वी ते तसं नव्हतं. वॉल्टर टिची यांच्या 1982च्या आरसीएस या अशाच प्रणालीत जुनी आवृत्ती काढून टाकायची सोय होती, पण ती इतिहासातूनच कायमची जायची. 2004 साली 1.0 आवृत्ती आलेल्या सबव्हर्जनने दुसरं टोक गाठलं. तिथे ब्रँच म्हणजे डिरेक्टरीची प्रत. ती डिलीट केली तरी जुन्या रिव्हिजनमध्ये (आधी नोंदवलेल्या आवृत्तीत) शाबूत राहते. खरोखर हटवायची तर अख्खी रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासाचा साठा, डम्प करून, गाळून पुन्हा भरावी लागते.

एप्रिल 2005मध्ये बिटकीपर या अशाच प्रणालीचा मोफत वापर बंद झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहायला घेतलं. त्यात ब्रँच म्हणजे एका कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) 40 अक्षरी हॅश (ओळख-क्रमांक) आणि त्यापुढे नवी ओळ, एवढीच 41 बाइटची फाइल. ब्रँच पुसली की ही खूण जाते, कमिट मागे उरतात. ‘गिट ब्रँच’ कमांडला लहान डी (-d) पर्याय दिला तर मर्ज न झालेली, म्हणजे दुसऱ्या ब्रँचमध्ये न मिसळलेली, ब्रँच पुसायला ते नकार देतं, मोठा डी दिला तर मुकाट्याने पुसतं. स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट एकात गोळा करून, मर्ज केलेल्या ब्रँचलाही लहान डी अडतो, कारण मूळ कमिट मुख्य ब्रँचमध्ये नसतात. चुकून पुसलीच तर हेडच्या (सध्या ज्यावर काम चालू आहे त्या खुणेच्या) रिफ्लॉगमधून, म्हणजे हालचालींच्या नोंदवहीतून, हॅश शोधून त्यावर नवी ब्रँच काढायची. ब्रँचचा स्वतःचा रिफ्लॉग मात्र तिच्याबरोबरच जातो. हेडच्या रिफ्लॉगमधल्या अशा अनाथ नोंदी डीफॉल्टनुसार 30 दिवस टिकतात.

म्हणजे लोक ब्रँच पुसायला घाबरतात ते उगाच. खरा धोका कमिट न केलेल्या बदलांना आहे. फाइली कमिटच्या स्थितीत परत नेणारी ‘रिसेट हार्ड’ कमांड ते पुसून टाकते आणि रिफ्लॉगमध्ये त्यांचा मागमूस नसतो. त्यातलं जे आधी ‘गिट ॲड’ केलेलं (पुढच्या कमिटसाठी निवडलेलं) असेल, तेवढंच साठा तपासणाऱ्या ‘एफएससीके’ने (fsck), तेही फाइलीच्या नावाशिवाय, सापडू शकतं. ट्रॅक न केलेल्या (गिटच्या नोंदीत नसलेल्या) फाइलींना ‘रिसेट हार्ड’ सहसा हात लावत नाही, ते काम ‘गिट क्लीन’चं. म्हणून ते आधी एन पर्यायाने चालवून काय काय जाणार हे बघावं.

बरीच वर्षं या गोंधळात ‘चेकआउट’ने भर घातली. ब्रँच बदलणं आणि फाइलीतले बदल फेकणं, दोन्ही एकाच कमांडकडे. ऑगस्ट 2019च्या 2.23 आवृत्तीत ‘स्विच’ आणि ‘रिस्टोर’ वेगळ्या झाल्या. ‘चेकआउट’ अजून आहेच, पण बदल फेकायला ‘रिस्टोर’च वापरावं.