पासवर्ड बदलून हा दोष जात नाही

कारखान्यातल्या वाय-फायच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर मिळतं: "पासवर्ड वीस अक्षरी आहे, दर तीन महिन्यांनी बदलतो, नेटवर्कचं नावही लपवलंय." वाळूजच्या सुट्या भागांच्या शॉपमध्ये असो, शेंद्र्याच्या नव्या शेडमध्ये असो की जालन्यात सळई बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये, हा समज सगळीकडे सारखाच पक्का आहे. लांब पासवर्ड हवाच, त्याबद्दल वाद नाही. लपवलेल्या नावाचा मात्र काडीचा उपयोग नाही, कारण जोडणी करताना उपकरण स्वतःच ते नाव हवेत जाहीर करतं. आणि औद्योगिक बिनतारी उपकरणांमधला एक मोठा दोष असा आहे, की त्यात हल्लेखोराला पासवर्ड कळण्याची गरजच पडत नाही.

बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये हा दोष जाहीर केला. त्याचं नाव क्रॅक. डब्ल्यूपीए-२ ही वाय-फायची सुरक्षा पद्धत वापरणारी जवळपास सगळी उपकरणं कमी-अधिक प्रमाणात त्याच्या कक्षेत आली. बरेचसे मोबाइल आणि लॅपटॉप पुढच्या काही महिन्यांत अपडेट झाले. पीएलसीला (मशिन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाला) जोडलेला बिनतारी क्लायंट (वाय-फायला जोडलं जाणारं उपकरण), गोदामातला हातातला स्कॅनर, आपोआप फिरणारी माल-गाडी आणि व्हीएफडी ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) बसवलेला वाय-फाय मॉड्यूल यांचं तसं नसतं. ते दहा-पंधरा वर्षं चालतात आणि एकदा पॅनेलचं दार बंद झालं की त्यांच्या फर्मवेअरकडे (आत कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरकडे) कुणी बघत नाही. म्हणून दोष जुना असला तरी शॉपफ्लोअरवर तो आजही जिवंत सापडतो.

आता तो घडतो कसा ते पाहू. हा भाग जरा सावकाश वाचावा लागेल, पण गंमत इथेच आहे.

उपकरण ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या पेटीला, जोडलं जातं तेव्हा दोघांमध्ये चार निरोपांची देवाणघेवाण होते. पहिल्या निरोपात ॲक्सेस पॉइंट एक यादृच्छिक संख्या पाठवतो. दुसऱ्यात उपकरण आपली संख्या पाठवतं. या दोन संख्या, दोघांचे हार्डवेअर पत्ते आणि पासवर्डपासून बनलेली मूळ किल्ली यांतून दोन्ही बाजू आपापल्या जागी एकच ताजी किल्ली तयार करतात. ही किल्ली हवेतून कधीच जात नाही. तिसऱ्या निरोपात ॲक्सेस पॉइंट सांगतो, "किल्ली तयार आहे, बसव." उपकरण ती बसवतं आणि चौथ्या निरोपात पोच देतं.

पोलादी शेड, फिरती क्रेन आणि लोखंडावरून होणारं परावर्तन यामुळे निरोप गळणं कारखान्यात नेहमीचंच असतं. चौथा निरोप पोचला नाही तर ॲक्सेस पॉइंट तिसरा पुन्हा पाठवतो. नियमच तसा आहे. दोष दडलाय तो पुढच्या पावलात: तिसरा निरोप दुसऱ्यांदा आला की उपकरण तीच किल्ली नव्याने बसवतं आणि पाकिटांचा (हवेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचा) क्रमांक शून्यावर आणतं.

क्रमांक शून्यावर गेल्याने एवढं काय बिघडतं? मोंढ्यातल्या अडत्याच्या पावतीपुस्तकात एक क्रमांक एकदाच येतो, सगळा हिशेब त्याच भरवशावर चालतो. वाय-फायमध्येही प्रत्येक पाकिटाला ४८ बिटांचा क्रमांक असतो. एका किल्लीवर साधारण २८१ लाख कोटी पाकिटं जाईपर्यंत तो पुन्हा यायला नको. किल्ली, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि हा क्रमांक यांतून एईएस ही कूटलेखन पद्धत बिटांची एक गुप्त माळ तयार करते. मूळ मजकूर आणि ही माळ यांची बिटागणिक एक्स-ऑर केली की गुप्त मजकूर मिळतो. एक्स-ऑरचा नियम सोपा: दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १. क्रमांक तोच, किल्ली तीच, तर माळही तीच.

एका बाइटवर हे करून पाहू. पहिल्या पाकिटात ५ हा आकडा आहे, म्हणजे ०००००१०१. माळेचा तुकडा १०११००१०. हवेत गेलं १०११०१११. क्रमांक शून्यावर आल्यानंतरच्या पाकिटात त्याच जागी ६ आहे, म्हणजे ०००००११०. माळ तीच, हवेत गेलं १०११०१००. ऐकणाऱ्याने हवेतल्या या दोन बाइट्सची आपसात एक्स-ऑर केली, तर ००००००११ मिळतं. ५ आणि ६ यांची थेट एक्स-ऑर केली तरी हेच उत्तर येतं. म्हणजे गुप्त माळ समीकरणातून पूर्ण बाहेर पडली! आता दोन मजकुरांपैकी एक जरी माहीत असला तरी दुसरा आपोआप कळतो.

कारखान्यात एक मजकूर बहुतेक वेळा माहीतच असतो. मॉडबस ही भाषा मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये पीएलसीसाठी काढली आणि ती आजही सर्रास वापरात आहे. नेटवर्कवरून "ड्राइव्हचा वेग ५० हर्ट्‌झ कर" असा आदेश जातो तेव्हा काही ड्राइव्हमध्ये तो षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत असा दिसतो: ००-०१-००-००-००-०६-०१-०६-२०-०१-१३-८८. एकूण बारा बाइट. पहिले दोन व्यवहार क्रमांकाचे. नंतरची दोन शून्यं नेहमी शून्यच. मग लांबी. ०१ हा उपकरणाचा क्रमांक, ०६ म्हणजे "एक रजिस्टर (स्मृतीतला कप्पा) लिही", २०-०१ हा रजिस्टरचा पत्ता. शेवटचे १३-८८ म्हणजे दशमान पद्धतीत ५०००, अर्थात ५०.०० हर्ट्‌झ. बारापैकी निम्म्याहून जास्त बाइट मॅन्युअल वाचून सांगता येतात. हे पाकीट दर काही मिलिसेकंदांनी ठरावीक तालात आणि ठरावीक लांबीत जातं. लांबी गुप्त राहत नाही, त्यामुळे हवेतल्या गर्दीतून ते ओळखणंही अवघड नाही. आणि साध्या मॉडबसमध्ये आदेश कुणी दिला हे तपासण्याची सोयच नाही.

हल्लेखोराला चौथा निरोप अडवायचा असतो. त्यासाठी तो खऱ्या ॲक्सेस पॉइंटचाच हार्डवेअर पत्ता लावून दुसऱ्या चॅनेलवर नक्कल उभी करतो आणि उपकरणाला तिकडे ओढतो. त्यानंतर निरोप त्याच्या हातातून जातात. डब्ल्यूपीए-२ची नेहमीची एईएस-सीसीएमपी पद्धत असेल तर तो पाकिटं वाचू शकतो आणि जुनी पाकिटं पुन्हा पाठवू शकतो, थेट खोटं पाकीट मात्र बनवू शकत नाही. पण वाचता आल्यामुळे टीसीपीचे (पाकिटं क्रमाने पोचवणाऱ्या नियमांचे) अनुक्रमांक कळतात, आणि वरच्या थरात दुसरं कुलूप नसेल तर चालू संवादात घुसायची वाट मोकळी होते. जुन्या स्कॅनरसाठी डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ असा मिश्र मोड ठेवून टीकेआयपी ही जुनी कूटलेखन पद्धत चालू असेल, तर खोटं पाकीटही बनवता येतं. फिरत्या माल-गाड्या एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर पटकन जाव्यात म्हणून ८०२.११आर ही सोय चालू करतात. तिच्यात दोष उलट ॲक्सेस पॉइंटच्या बाजूला असतो आणि नक्कल उभी करण्याचीही गरज पडत नाही.

चार निरोपांची ही पद्धत सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता आधीच झालेली होती, आणि ती सिद्धता चुकीची नव्हती. किल्ली गुप्त राहते हे तिने दाखवलं. किल्ली नेमकी कधी आणि किती वेळा बसवायची, हा प्रश्न तिच्या चौकटीतच नव्हता. विंडोज आणि आयओएस दुसऱ्यांदा आलेला तिसरा निरोप स्वीकारत नव्हते, म्हणजे मानकाचा नियम मोडत होते, म्हणून या विशिष्ट हल्ल्यातून सुटले!

"मिलिटरी दर्जाचं २५६ बिट एन्क्रिप्शन" अशा जाहिरातींना भुलू नये ते यासाठीच. क्रॅकमध्ये एईएस फुटलंच नाही. बिट कितीही वाढवा, क्रमांक शून्यावर आला की माळ पुन्हा तीच. दूरचित्रवाणीवर जगाच्या दुसऱ्या टोकावरून कुणीही मोबाइलवर कारखाना बंद पाडतो असं दाखवतात, तेही खरं नाही. या हल्ल्याला रेडिओच्या टप्प्यात यावं लागतं. फक्त एकाच दिशेला रोखलेली अँटेना लावली की तो टप्पा कुंपणाबाहेरच्या रस्त्यापर्यंत सहज जातो, हे विसरू नये.

वाय-फाय नसलेली बिनतारी उपकरणं याहून उघडी असू शकतात. रोलिंग मिलमध्ये ईओटी क्रेन (वरच्या रुळांवर फिरणारी विजेची क्रेन) चालवायचा रेडिओ रिमोट घ्या. ट्रेंड मायक्रो या सायबर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०१९ मध्ये अशा औद्योगिक रिमोटचा अहवाल प्रसिद्ध केला. सात उत्पादकांच्या उपकरणांमध्ये सापडलेला ठळक दोष असा, की आदेश नुसता रेकॉर्ड करून पुन्हा वाजवला तरी क्रेन तो मानते. इमर्जन्सी स्टॉपचा आदेश सतत वाजवत राहिलं तर क्रेन उठतच नाही. रिमोट घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: कोड प्रत्येक वेळी बदलतो का, आणि नवा रिमोट जोडायला रिसीव्हरजवळ जाऊन बटण दाबावं लागतं का. पंपिंग स्टेशनवरची रेडिओ टेलिमेट्री (दुरून मोजमाप आणि आदेश पाठवण्याची सोय) याच वर्गातली. ऑस्ट्रेलियातल्या मरूची भागात २००० साली एका नाराज माजी कंत्राटी कर्मचाऱ्याने रेडिओवरून सांडपाण्याच्या पंपांना खोटे आदेश दिले आणि सुमारे आठ लाख लिटर मैला ओढ्यांत व उद्यानांत सोडला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात पंपाच्या रेडिओकडे दुर्लक्ष परवडणारं नाही.

करायचं काय? आधी यादी करा: हवेतून बोलणारं प्रत्येक उपकरण, त्याचं मॉडेल, फर्मवेअर आवृत्ती. उत्पादकाच्या सुरक्षा-सूचनांमध्ये जाहीर दोषांच्या यादीतले सीव्हीई-२०१७-१३०७७ ते १३०८८ या पट्ट्यातले क्रमांक शोधा. दुरुस्ती मुख्यतः क्लायंटच्या बाजूला लागते. नुसता ॲक्सेस पॉइंट अपडेट करून "झालं" म्हणणं ही नेहमीची चूक. साखर कारखान्यात हे काम गाळप हंगाम संपल्यावर, बाकी ठिकाणी ठरलेल्या शटडाउनमध्ये घ्या, आणि आधी पीएलसीच्या प्रोग्रामची व पॅरामीटरची प्रत काढून ठेवा. टीकेआयपी बंद करा. ८०२.११आर लागत नसेल तर तेही बंद. ज्या जुन्या उपकरणाला दुरुस्ती येणारच नाही त्याला वेगळ्या नेटवर्कवर टाका, व्हीपीएनमधून (वेगळ्या कूटबद्ध वाटेने) न्या, किंवा सरळ केबल ओढा. स्थिर मशिनला वाय-फाय देण्याचं कारण बहुतेकदा केबल ट्रे टाकायचा कंटाळा एवढंच असतं.

ॲक्सेस पॉइंटमध्ये मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन चालू करा. ते क्रॅक थांबवत नाही, पण "तुझी जोडणी तुटली" असे खोटे निरोप पाठवून उपकरणाला वारंवार बाहेर फेकण्याचा सोपा हल्ला थांबवतं. ते सक्तीचं केल्यावर जुने क्लायंट जोडले जाणार नाहीत, म्हणून आधी एका शेडमध्ये पाहा. एखादा ड्राइव्ह रोज रात्री कारण नसताना ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो) तेव्हा पॅनेलला लिंबू-मिरची बांधली जाते. त्याऐवजी ॲक्सेस पॉइंटचा लॉग उघडावा आणि जोडणी तुटल्याच्या नोंदींची वेळ ट्रिपच्या वेळेशी जुळवावी. छेडछाड दिसली तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवणं बंधनकारक आहे.

आणि प्रत्येक ड्राइव्हचा कम्युनिकेशन टाइमआउट (आदेश येणं थांबल्यावर त्याने किती वेळ वाट पाहायची ते) तपासा. ट्रिपचा त्रास नको म्हणून तो बऱ्याचदा शून्यावर, म्हणजे बंद ठेवलेला असतो. तसं असेल तर दुवा तुटल्यावर मोटर शेवटच्या वेगाने फिरतच राहते आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवरचं थांबवायचं बटण तिच्यापर्यंत पोचत नाही. टाइमआउट किती ठेवायचा हे मशिनवर ठरतं. कन्व्हेयरला एक-दोन सेकंद चालतील, कूलिंग पंप मात्र अचानक थांबला तरी धोका, तिथे ठरावीक सुरक्षित वेग द्यावा लागेल. इमर्जन्सी स्टॉप कुठल्याही परिस्थितीत तारेनेच जोडलेला हवा. मशिन रिकामं चालवा, पट्ट्यावर माल आणि जवळ माणूस नसताना ॲक्सेस पॉइंटचा पुरवठा काढा, आणि मोटर किती सेकंदांत थांबते ते घड्याळ लावून मेंटेनन्सच्या वहीत लिहा.