गिअर पंप की लोब पंप? कव्हर उघडून बघा

लोशन, लेटेक्स, क्रीम असलं घट्ट आणि नाजूक काही एका टाकीतून दुसरीत न्यायचं म्हटलं की सेंट्रिफ्युगल पंप (पंखा जोरात फिरवून ढकलणारा) नको, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. मग 'रोटरी लावा' (म्हणजे फिरत्या चाकांच्या कप्प्यांतून मटेरियल पुढे नेणारा पंप) ठरतं, आणि गिअर काय लोब काय, आत दोन चाकंच फिरतायत ना, असं म्हणून जो स्वस्त तो येतो, बहुतेक वेळा गिअर. खरा फरक चाकांच्या आकारात कमी आणि दुसऱ्या चाकाला फिरवतं कोण यात जास्त आहे.

गिअर पंपात मोटर एकाच गिअरला जोडलेली असते आणि तो आपल्या दात्यांनी दुसऱ्याला ढकलतो, म्हणजे दात्यावर दाता येणारच आणि मध्ये वंगण कोण, तर तुमचंच मटेरियल. ऑइल किंवा रेझिनला त्याचं काही वाटत नाही. लेटेक्स मात्र दात्यांत चिरडलं की गुठळ्या धरतं आणि पंप जाम.

लोब पंपात दात्यांऐवजी दोन-तीन गोलसर पाकळ्यांची चाकं, म्हणजे लोब असतात आणि दोन्ही शाफ्टना मागच्या गिअरबॉक्समधले टायमिंग गिअर फिरवतात, ते वेगळ्या तेलात, मटेरियलशी त्यांचा संबंध नाही. कव्हर काढून कपलिंग हाताने सावकाश फिरवा, दोन लोब एकमेकांजवळ येतात पण शिवत नाहीत, फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पट्टी मधून निघते. शिवाय लोबमधले कप्पे मोठे, त्यामुळे मऊ तुकडेसुद्धा बऱ्यापैकी अखंड जातात.

आता लोब लावला म्हणजे शिअर, म्हणजे फटीत मटेरियलचे थर एकमेकांवर घासले जाणं, गेला असं नाही हं. लोबच्या टोकाचा वेग भागिले फट, हा शिअर रेटचा ढोबळ हिशोब. वेग सेकंदाला 1 मीटर आणि फट 0.1 मिमी धरली तर 10,000 प्रति सेकंद येतो, म्हणजे भरपूरच झाला! आरपीएम अर्धा केला की हाही अर्धा, म्हणून छोटा पंप पळवण्यापेक्षा मोठा पंप रमतगमत चालवा. मटेरियल घट्ट असेल तर सक्शनलाही तेच बरं, नाहीतर कप्पे भरायच्या आधीच रोटर पुढे जातो आणि कॅव्हिटेशनचा (आत बुडबुडे होऊन फुटण्याचा) खडखडाट सुरू. आणि हो, गिअर पंपसुद्धा मोठा घेऊन हळू चालवला तर बऱ्याच ठिकाणी निभावतो, त्याला उगाच बदनाम करू नका.

प्रेशर जास्त हवं किंवा अचूक मोजून सोडायचं असेल तर मी गिअरच घेईन. पाण्यासारखं पातळ मटेरियल लोबच्या फटीतून मागे घसरतं, आणि दोन शाफ्ट म्हणजे सीलही दोन, खर्च वाढतो.

फ्लो कमी करायला डिस्चार्जचा व्हॉल्व्ह आवळायची सवय मात्र दोन्हीकडे वाईट. प्रेशर चढतं, पंपातच बसवलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) उघडतो आणि तेच मटेरियल आतल्या आत फिरत, तापत, चेपलं जातं, मग लोबचे पैसे गेले पाण्यात. व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आरपीएम कमी करा.

पंपातून गेल्यावर पातळ दिसलं म्हणून लगेच पंपाला शिव्या नकोत. आधीचं आणि नंतरचं सॅम्पल घ्या, त्याच तापमानाला व्हिस्कॉसिटी मोजा, एक दिवस ठेवून परत मोजा. थिक्सोट्रॉपिक (ढवळलं की पातळ होणारं) असेल तर आपोआप पुन्हा घट्ट होतं, इमल्शन फुटलं असेल तर तेल वर तरंगत असतं.