आइनस्टाईन गणितात नापास? गुणपत्रिका बघा

दहावीचा निकाल लागला की ‘आइनस्टाईनसुद्धा गणितात नापास झाला होता’ हा फॉरवर्ड हमखास येतो. धादांत खोटं.

स्वित्झर्लंडमधल्या आराउच्या शाळेतली त्याची १८९६ची गुणपत्रिका आजही बघायला मिळते: बीजगणित ६, भूमिती ६, भौतिकशास्त्र ६, फ्रेंच मात्र ३. तिथे ६ म्हणजे सर्वोत्तम, १ म्हणजे सगळ्यात वाईट. जर्मनीत नेमकं उलटं. त्या हिशेबाने वाचलं तर पैकीच्या पैकी गुणही नापासाचा शेरा वाटतात.

नापास तो झाला होता, पण १८९५ साली, झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशपरीक्षेत. वय सोळा, नियमाने अठरा हवं. तिथेही गणित आणि भौतिकशास्त्राचे पेपर उत्तम गेले, घात केला तो इतर विषयांनी. आणि कॅल्क्युलस? ते पंधरा वर्षांचा व्हायच्या आतच आत्मसात केलं होतं, असं तो स्वतःच सांगायचा.